यंत्रातल्या गोष्टी : खणात मावेल तेवढंच



आखनला पाहुणे आले की त्यांना डोम दाखवायला न्यायचं, हा इथल्या मराठी घरांचा शिरस्ता आहे. आम्हीही नेतो. कार्ल सम्राटाचं सिंहासन, अष्टकोनी घुमट, १९७८ साली युनेस्कोच्या पहिल्याच यादीत लागलेला नंबर, हे सगळं आता तोंडपाठ झालं आहे. मग बाहेर येऊन प्रिंटन घ्यायच्या, पाहुण्यांनी "चवीला छान, पण दाताला कडक आहेत हो" म्हणायचं, की झाली सहल. पण या कार्लने केलेली एक गोष्ट पाहुण्यांना कुणी दाखवत नाही, कारण ती दिसत नाही. आठव्या शतकाच्या शेवटी त्याने नाण्यांचा हिशेब लावून दिला : एक पौंड चांदी म्हणजे वीस शिलिंग, म्हणजेच दोनशे चाळीस पेनी. साम्राज्य पुढे त्याच्या नातवांनी वाटून घेतलं. पण २४० चा आकडा टिकला. इंग्लंडने तो सोडला १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, म्हणजे जवळजवळ बाराशे वर्षांनी! आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तरी "सोळा आणे खरं" हे आपण अजून म्हणतोच.

तर सांगायचा मुद्दा असा, की अनोळखी लोकांमधल्या व्यवहारात जे माप एकदा ठरतं ते ठरवणाऱ्यापेक्षा जास्त जगतं. घरातलं माप घरात बदलता येतं. बाजारातलं माप बदलायचं तर सगळ्या बाजाराला एकाच दिवशी बदलावं लागतं. आज आपण ज्या बाजारात जाणार आहोत तो प्रत्येकाच्या खिशात आणि तळघरात आहे, पण बाराशे वर्षं थांबायची सोय तिथे नाही. आयटीवाल्या वाचकांना यातलं काही आधीच ठाऊक असेल. त्यांनी शेजारच्यांना समजावून सांगायचं काम करावं, ही विनंती.

खिडकीवरचा अर्ज

संगणकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. (हा लष्करातला कर्नल नव्हे, पण रुबाब तोच.) डिस्क, मेमरी, नेटवर्क, घड्याळ यांना थेट हात लावायचा अधिकार फक्त त्याला. बाकीचे सगळे प्रोग्राम ही हद्दीच्या अलीकडची रयत. कुणाला फाइल वाचायची असो की नुसतं "किती वाजले?" विचारायचं असो, कर्नलच्या खिडकीवर अर्ज द्यायचा. या अर्जाचं नाव सिस्टिम कॉल. इथल्या बुर्गरआम्टमध्ये ज्यांनी पत्ता नोंदवला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

अर्ज कोणता आहे ते एका क्रमांकाने सांगायचं, आणि तपशील भरायला आजच्या साध्या लॅपटॉपवर सहा खण मिळतात. सातवा खण नाही. जास्त काही सांगायचं असेल तर वेगळ्या कागदावर लिहायचं आणि तो कागद कुठे ठेवला आहे ते एका खणात भरायचं. शब्द नाहीत, सह्या नाहीत, सगळं आकड्यांत.

आता जर्मन फॉर्म आणि मराठी नाव यांची गाठ पडल्यावर काय होतं ते आपण सगळे जाणतो. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं लिहायला घ्यावं तर खण मध्येच संपतात, आणि पुढे आयुष्यभर आरोग्य विम्याच्या कार्डावर अर्धवट नाव मिरवावं लागतं. आकड्यांचंही तसंच. सोळा बिटांच्या खणात जास्तीत जास्त ६५,५३५ मावतात. बत्तीस बिटांच्या खणात सव्वाचारशे कोटींहून थोडं जास्त. पण त्यात ऋण आकडेही लिहायचे असतील तर निम्मी जागा त्यांना जाते आणि वरची हद्द २,१४७,४८३,६४७ वर येते, म्हणजे २१४ कोटींच्या घरात. चौसष्ट बिटांत मात्र इतकं मावतं की सेकंद मोजायला घेतले तर २९२ अब्ज वर्षं पुरतील.

नाव कापलं गेलं की निदान दिसतं तरी. आकडा कापला गेला की दिसत नाही. तो गुपचूप दुसराच आकडा होतो आणि हिशेब पुढे चालू राहतो.

ठरलेली तारीख नाही

मग खण रुंद करा की, त्यात काय एवढं? इथे आखनचंच उदाहरण घेऊ. आपल्या मंडळातल्या जुन्या लोकांना आखनचा ५१०० हा पिनकोड आठवत असेल. पश्चिम आणि पूर्व जर्मनी १९९० साली एक झाले आणि टपालखात्याची पंचाईत झाली, कारण दोन्हीकडे चार आकडी क्रमांक होते आणि ते एकमेकांत मिसळत होते. ५३०० म्हणजे पश्चिमेत बॉन, आणि पूर्वेत वायमार! तात्पुरता उपाय म्हणून क्रमांकाच्या आधी 'डब्ल्यू' किंवा 'ओ' लिहायची पद्धत आली. शेवटी १ जुलै १९९३ रोजी साऱ्या देशाने पाच आकडे घेतले. जाहिरातीत पाच बोटांचा 'रोल्फ' नावाचा हात नाचत होता. आखनचे ५१०० जाऊन ५२०६२ आणि त्यापुढचे क्रमांक आले.

हे जमलं, कारण टपालखात्याला तारीख ठरवता आली आणि माणसांना ती वाचता आली. कर्नलचं नेमकं इथेच अडतं. वीस वर्षांपूर्वी तयार झालेला प्रोग्राम जाहिरात वाचत नाही. तो लिहिणारा माणूस निवृत्त झालेला असतो, कंपनी विकली गेलेली असते, आणि प्रोग्राम मात्र कुठल्यातरी कारखान्यात इमानेइतबारे त्याच जुन्या खणात आकडे भरत बसलेला असतो. खिडकीवरच्या माणसाने खण बदलला तर तो बिचारा चुकीच्या जागी चुकीचा आकडा लिहिणार.

म्हणून लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये एक नियम फार कडक पाळतात : कर्नलच्या आत हवी तेवढी मोडतोड करा, पण हद्दीअलीकडचा चालता प्रोग्राम मोडता कामा नये. जुना अर्ज रद्द करायचा नाही. फार तर त्याच्या शेजारी नवा अर्ज छापायचा. म्हणजेच आज ठरवलेली रुंदी कायमची, अशाच तयारीने ठरवायची.

जुन्या मापांच्या खुणा

या नियमामुळे कर्नलच्या खिडकीवर जुन्या मापांच्या खुणा अजून दिसतात. युनिक्सच्या सुरुवातीच्या यंत्रांत साधा आकडा सोळा बिटांचा होता. फाइलमध्ये पुढेमागे सरकायच्या अर्जाचं नाव होतं 'सीक', आणि त्याच्या खणात ६५,५३५ च्या वर आकडा जाईना. मग बाइट न मोजता ५१२ बाइटांचे ठोकळे मोजायची युक्ती निघाली. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत रुंद खणाचा नवा अर्ज आला, आणि तो 'लाँग' म्हणून नाव पडलं 'एलसीक'. मूळ 'सीक' केव्हाच गेला, पण 'एल' आजही आहे. पुण्यात १९२३ साली बांधलेल्या पुलाला लोक अजून 'नवा पूल' म्हणतात ना, तसंच.

त्या रुंद खणाचीही हद्द आली. बत्तीस बिटांत दोन गिगाबाइटच्या पुढची जागा सांगता येत नाही. नव्वदीच्या दशकात डिस्क मोठ्या झाल्या, चित्रपट आणि डेटाबेस फाइलींत आले, आणि दोन गिगाबाइटला सगळे धडकू लागले. १९९६ च्या सुमारास युनिक्स बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून चौसष्ट बिटांच्या अर्जांचा दुसरा संच ठरवला. लिनक्समध्ये तो २००१ सालच्या २.४ आवृत्तीत नीट बसला. त्यात एक शहाणपण होतं. ज्या प्रोग्रामने "आम्हाला मोठे आकडे समजतात" असं सांगितलेलं नाही, त्याने मोठी फाइल मागितली तर त्याला सरळ नकार मिळतो. नकाराचं वाईट वाटतं खरं, पण खोट्या उत्तरापेक्षा तो बरा.

तिसरी खूण माणसांच्या क्रमांकाची. संगणकावर प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो, आणि लिनक्सच्या २.४ आवृत्तीपूर्वी तो सोळा बिटांचा होता. आमच्या आखनच्या तंत्रविद्यापीठात चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत आणि दर वर्षी नवी तुकडी येते. सोडून गेलेल्यांचे क्रमांक लगेच दुसऱ्याला देता येत नाहीत, नाहीतर एकाच्या फाइली दुसऱ्याला उघडतात. ६५,५३६ क्रमांक किती वर्षं पुरतील याचं गणित ज्याचं त्याने करावं. आता तो क्रमांक बत्तीस बिटांचा आहे. जुन्या प्रोग्रामने जुन्या अर्जाने विचारलं आणि खरा क्रमांक खणात मावला नाही, तर कर्नल ६५,५३४ असं ठरलेलं उत्तर देतो. त्याचा अर्थ "आहे कुणीतरी, पण तुमच्या खणात मावत नाही."

आखनपासून तीसेक किलोमीटरवर युलिशला २०२५ साली ज्युपिटर नावाचा महासंगणक सुरू झाला. तोही लिनक्सवर चालतो. आणि लिनक्सवर 'रीड' या अर्जाने एका वेळेला २,१४७,४७९,५५२ बाइटच वाचता येतात, यंत्र केवढंही मोठं असो. यंत्र चौसष्ट बिटांचं झालं, खणही चौसष्ट बिटांचा झाला, पण कर्नलच्या आतल्या जुन्या कामगारांच्या हातात अजून बत्तीस बिटांची पायली आहे. म्हणून दाराशीच पायलीभर मोजून आत सोडतात.

ऋण आकड्यांचं काम काय?

इथे शहाणे वाचक विचारतील, फाइलची लांबी उणे कधी असते का? मग निम्मी जागा ऋण आकड्यांना कशाला? प्रश्न रास्त आहे. फाइलमध्ये मागे सरकायचं असेल तर उणे आकडा लागतो, हे एक. दुसरं, उत्तराला खण एकच. 'रीड'चं उत्तर म्हणजे किती बाइट वाचले तो आकडा. पण डिस्क बिघडली, परवानगी नाही, असली तक्रारही त्याच खणातून परत यायची असते. म्हणून लिनक्स कर्नल -१ ते -४०९५ हे आकडे तक्रारींसाठी राखून ठेवतो. आमच्या लहानपणी बसच्या पुढच्या बाकांवर 'स्त्रियांसाठी' लिहिलेलं असायचं, तशातली ही राखीव जागा. बस रिकामी असली तरी तिथे बसायचं नाही.

पिनकोडातला धडा

खणाची रुंदी पहिल्याच वेळेला नीट ठरवता येते का? येते. आपल्या घरच्या पत्त्यात त्याचा पुरावा आहे. भारतातला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्यामागचं डोकं एका मराठी माणसाचं होतं : श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण खात्यात मोठे अधिकारी, आणि त्याहून मोठे संस्कृतचे पंडित आणि कवी. त्यांच्या पद्धतीत पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. लष्करी टपालाला ९ वेगळा. पिनकोड शून्याने सुरू होत नाही.

आज देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत आणि पिनकोड साधारण एकोणीस हजार वापरात आहेत. सहा आकड्यांत कितीतरी जागा शिल्लक आहे. पन्नास वर्षं उलटून गेली, नवी राज्यं झाली, शहरं फुगली, पण सातवा आकडा लावावा लागला नाही.

शून्याचा मुद्दा छोटा वाटतो, पण तो सोन्याचा आहे. जर्मनीच्या नव्या पद्धतीत ड्रेस्डेनचे क्रमांक शून्याने सुरू होतात, उदाहरणार्थ ०१०६७. हा क्रमांक कुणी संगणकात 'संख्या' म्हणून ठेवला की पुढचं शून्य गळतं आणि उरतात १०६७. दिसायला आकडे असले तरी ही संख्या नव्हे, हे नाव आहे. दोन पिनकोडांची बेरीज कुणी करत नाही. कर्नलच्या अर्जांतही हा भेद पहिल्यांदा करावा लागतो : हा आकडा मोजमापाचा आहे (किती बाइट, किती सेकंद), की नुसती ओळख आहे (कोणती फाइल, कोण माणूस), की आकड्याच्या वेशातले होय-नाहीचे दिवे आहेत? मोजमाप वाढतच जातं, त्याला ऐसपैस खण हवा. ओळखीला पुरेसे क्रमांक हवेत, पण बेरीज-वजाबाकी नको. दिव्यांची कथा वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

घड्याळाची गोष्ट

आता या सगळ्यातली खरी काळजीची गोष्ट. ज्या १९७१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने कार्लचं माप निवृत्त केलं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तीत वेळ मोजायचं माप होतं सेकंदाचा साठावा भाग, १ जानेवारी १९७१ पासून, बत्तीस बिटांच्या खणात. करा हिशेब : खण ८२९ दिवसांत भरतो! म्हणजे सव्वादोन वर्षं. वापरणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यामुळे माप बदलता आलं. पुढे पूर्ण सेकंद आले आणि मोजणी १९७० पासून धरली गेली. बत्तीस बिटांना अडुसष्ट वर्षं मिळाली. त्या वेळी ती भरपूर वाटली असणार. एकविसाव्या शतकात ही यंत्रं कोण वापरणार होतं?

तर तो खण भरायची वेळ आहे १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आखनच्या घड्याळात पहाटेचे ४ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. पुण्या-मुंबईत तेव्हा सकाळचे पावणेनऊ होत आलेले असतील. पुढच्या सेकंदाला जुन्या खणातला आकडा एकदम ऋण होतो आणि तारीख दिसते १३ डिसेंबर १९०१.

आपल्या पंचांगकर्त्यांना ही अडचण फार जुनी ठाऊक आहे. प्रभव, विभव करत संवत्सरं साठ आहेत. साठ झाली की पुन्हा प्रभव. एखाद्या जुन्या कागदावर नुसतं 'पिंगल संवत्सर' असेल तर ते कोणतं पिंगल, हे सांगता येत नाही. म्हणून शहाणा लेखक नावासोबत शकाचा आकडाही लिहितो. (वरची मंगळवारची पहाट शके १९५९, पिंगल संवत्सरातली.) जीपीएसचे उपग्रहही असंच चक्र वापरतात. त्यांच्या मूळ संदेशात आठवड्याचा आकडा दहा बिटांचा आहे, १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. १९९९ आणि २०१९ साली हे होऊन गेलं. चक्र वाईट नाही. चक्र आहे हे ठाऊक नसणं वाईट.

लिनक्समध्ये यावर उपाय करायला बरीच वर्षं लागली. या कामात पुढे होता आर्न्ड बेर्गमान हा जर्मन कर्नल-अभियंता. चौसष्ट बिटांच्या यंत्रांवर वेळेचा खण आधीच रुंद होता. प्रश्न होता बत्तीस बिटांच्या लहान यंत्रांचा. नियमाप्रमाणे जुने अर्ज तसेच ठेवले आणि शेजारी नवे छापले. मे २०१९ च्या ५.१ आवृत्तीत वेळ विचारायचा नवा अर्ज ४०३ या क्रमांकाने आला, आणि मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीत कर्नलच्या बाजूचं मुख्य काम पुरं झालं.

पण खिडकी रुंद झाली म्हणून रांगेतल्यांचे फॉर्म रुंद होत नाहीत. कर्नलच्या वर लायब्ररी असते. तिथे २०२१ साली सोय झाली, पण ती मागून घ्यावी लागते. लायब्ररीच्या वर हजारो प्रोग्राम, ते सगळे एकाच वेळी नव्याने बांधावे लागतात, कारण एकाने जुना खण धरला आणि दुसऱ्याने नवा, तर दोघांत भांडण. डेबियनच्या मंडळींनी हे अवघड काम केलं आणि ते ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत लोकांपर्यंत पोचलं. त्यातून जुन्या बत्तीस बिटांच्या इंटेलला मुद्दाम वगळलं, कारण तो आता जुने प्रोग्राम चालवण्यापुरताच ठेवला आहे, आणि जुन्यांना जुनाच खण हवा.

खण ठरवताना

आपल्या वाचकांत असे खण ठरवणारे बरेच आहेत. कर्नलमध्ये नसेल, पण दोन खात्यांमध्ये, दोन यंत्रांमध्ये, दोन कंपन्यांमध्ये. त्यांच्यासाठी या लोकांचे अनुभवाचे बोल आमच्या भाषेत सांगतो.

पहिलं, रुंदी आकड्यात लिहा. 'लाँग' हा शब्द पायलीसारखा आहे, कोकणातली वेगळी आणि देशावरची वेगळी. बत्तीस बिटांच्या लिनक्सवर लाँग चार बाइटांचा, चौसष्टवर आठ, आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजवर पुन्हा चारच. म्हणून हद्दीवर 'बत्तीस बिट' किंवा 'चौसष्ट बिट' असंच लिहायचं. तेवढ्यानेही भागत नाही. एक बत्तीस बिटांचा आकडा आणि मागून एक चौसष्टचा असा कागद केला, तर जुन्या इंटेलवर तो १२ बाइटांचा होतो आणि नव्यावर १६, कारण नवं यंत्र मध्ये फट सोडतं. फट ठेवायचीच तर स्वतः आखून ठेवा.

दुसरं, रिकामी जागा रिकामी आहे याची खात्री करून घ्या. ही ती दिव्यांची कथा. फाइल उघडायच्या जुन्या 'ओपन' अर्जात होय-नाहीचे दिवे आहेत. जे दिवे ठरलेले नव्हते ते कुणी लावले तरी कर्नल सुरुवातीपासून तिकडे दुर्लक्ष करत आला. परिणाम असा, की नंतर त्यातल्या एखाद्या दिव्याला अर्थ द्यायचा म्हटलं तर भीती : न जाणो, कुणाच्या तरी जुन्या प्रोग्रामने तो उगाचच लावून ठेवला असेल! म्हणून २०२० साली 'ओपनॅट-टू' हा नवा अर्ज आला. त्यात अनोळखी दिवा दिसला की अर्ज परत. शिवाय कागदाची लांबीही सोबत सांगायची, म्हणजे पुढे कागद वाढला तरी जुना-नवा ओळखता येतो. पहिल्या दिवशी कडक राहिलं तर पुढे सैल होता येतं, उलटं करता येत नाही. सासरी-माहेरी हा नियम लागू पडतो की नाही, हे वाचकांनी आपापलं ठरवावं.

तिसरं, सगळंच चौसष्ट करायचं असंही नाही. बत्तीस बिटांच्या यंत्रावर चौसष्टच्या आकड्याला दोन खण लागतात, आणि एआरएम यंत्रांवर ती जोडी सम क्रमांकाच्या खणापासूनच सुरू व्हावी लागते. २००६ साली लिनक्समध्ये आलेल्या एका अर्जात आकड्यांचा क्रम असा होता, की मध्ये एक खण वाया जाऊन एकूण सात लागत होते, आणि खण तर सहाच! शेवटी त्या यंत्रांसाठी तेच आकडे वेगळ्या क्रमाने मांडून दुसरा अर्ज छापावा लागला. नुसत्या क्रमाने एक खण वाचला. डबा भरताना आधी मोठ्या वाट्या ठेवायच्या, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

लोक म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. ठीक आहे. पण अंथरूण शिवणाऱ्याने पाय किती वाढणार तेही बघावं.

तळघरात डोकावून बघा

"२०३८ ला अजून वेळ आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर नावाचा प्रोग्राम चालवणारी बरीच यंत्रं एकाएकी कोलमडली. त्यात "कधीच थांबू नको" हे सांगायला शंभर कोटी सेकंदांची मुदत लिहायची प्रथा होती. शंभर कोटी सेकंद म्हणजे पावणेबत्तीस वर्षं. त्या दिवशी 'आज अधिक मुदत' हे २०३८ च्या पलीकडे गेलं. खण बत्तीस वर्षं आधीच भरला. आज घराचं वीस वर्षांचं कर्ज काढा, की शेवटच्या हप्त्याची तारीख त्या मंगळवारच्या पलीकडे जाते. पेन्शनचं पत्रक तर आपल्यापैकी बहुतेकांचं पलीकडेच आहे.

बँकांची मोठी यंत्रं बहुतेक सांभाळली जातील, तिथे पगारी माणसं आहेत. आम्हाला काळजी वाटते ती ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा यंत्रांची : तळघरातला हीटिंगचा कंट्रोलर, छपरावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप, लिफ्टचा डबा, आणि गावाकडे आईवडिलांच्या घरी आपणच मोठ्या प्रेमाने बसवून दिलेले कॅमेरे. ही यंत्रं पंधरा-वीस वर्षं भिंतीला चिकटून असतात. आज बसवलेलं यंत्र त्या पहाटे चालू असणार आहे. गुदमरून बंद पडलं तर निदान कळेल. पण १९०१ साल समजून जानेवारीच्या थंडीत उन्हाळ्याचा कार्यक्रम लावून बसलं तर?

करायचं काय? घड्याळ पुढे करून बघायचा मोह आवरा. २०१६ साली काही आयफोनांची तारीख १ जानेवारी १९७० ला नेल्यावर ते पुन्हा सुरूच होईनात, इतकं हे प्रकरण नाजूक असतं. त्यापेक्षा नवं यंत्र घेताना विक्रेत्याला लेखी विचारा : १९ जानेवारी २०३८ नंतर हे चालेल का, आणि त्यासाठी लागणारं अपडेट किती वर्षं मिळेल? पहिल्यांदा तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. दहा जणांनी विचारलं की कंपनीला विचारेल. आणि आपल्यातले जे कंपनीच्या बाजूला बसतात, त्यांनी "तोपर्यंत ग्राहक नवं घेईलच" हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकलं, की कार्लच्या दोनशे चाळीस पेनींची आठवण करून द्यावी.

घरात कोणतं यंत्र कुठल्या साली बसवलं याची एक वही करा, आणि ती पुढच्या पिढीला सापडेल अशा ठिकाणी ठेवा. वहीत साल लिहिताना चारही आकडे लिहा.

पुढच्या अंकात भेटूच.